रमेशभाऊंच्या नमुन्यातला अनोळखी पदार्थ

सिल्वासा, गुरुवार

सुटलं एकदाचं! आठवडाभर डोकं खाल्लं त्या पदार्थाने. रमेशभाऊंवर आमच्या नव्या गोळीची चाचणी चालू आहे आणि त्यांच्या लघवीत काहीतरी अनोळखी सापडलं होतं. ते गोळीपासूनच शरीरात तयार झालेलं निघालं असतं, तर सगळं काम पहिल्यापासून. मास स्पेक्ट्रोमीटरने नुसतं वजन सांगितलं, आणि त्या वजनात दोन-तीन नावं बसत होती. आज तो पदार्थ वेगळा काढून एनएमआरवर लावला, तेव्हा कुठे रेणूची बांधणी दिसली. थायमॉलपासून बनलेला. थायमॉल, म्हणजे ओवा!

मसाटच्या लॅबमधूनच किलवणीला रमेशभाऊंच्या घरी फोन लावला. "भाऊ, दुसरं औषध घेतलं नाही म्हणालात ना?"

"नाहीच घेतलं, ताई. पोट गच्च झालं व्हतं, म्हणून ओवा खाल्ला. ओवा काय औषध शे का?"

आधी चिडले. पण चाचणीच्या फॉर्मवरचा 'दुसरं औषध घेता का?' हा प्रश्न माझाच. ओव्याचं नाव मी तरी कुठे घातलं होतं?

आत्ता हे लिहितानाही तोंडात ओवाच आहे. जेवणानंतर रोज चिमूटभर. आणि तोच फॉर्म मी भरला असता, तर मीही बिनधास्त लिहिलं असतं, 'औषध : नाही.'