डॅशबोर्डवर नारळाचं पाणी

ऋतिका,

गाडीतल्या कॉम्प्युटरची वाट सुयोगने नाही, मी लावली. काल दसरा होता ना. गिरणीत तुझे आजोबा मागाची पूजा करून त्यावर नारळाचं पाणी शिंपडायचे, तसंच मी डॅशबोर्डवर शिंपडलं. तुम्ही दोघा भावंडांनी हाताने बनवलेलं यंत्र, म्हणून जरा जास्तच. पाणी फटीतून आत गेलं असणार.

सकाळी तू त्याला म्हणालीस, "तुला साधी वायर जोडता येत नाही!" तो न जेवता निघून गेला आणि मी मुकाट भाजी निवडत बसले. लाज वाटते गं.

तो नाहूरला तुझ्या आत्याकडे गेलाय, जाऊन त्याला घेऊन येते. तोवर ते यंत्र चालू करू नकोस. वरणभात तिघांचा आहे, थांब. आल्यावर आधी त्याची समजूत काढ, मग मला बोल.

आजी