तपासणीची बाटली

प्रिय मुंगीस, अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र मंगळवारी पोचले. तुझ्या आईने ते माझ्याकडून तीनदा वाचून घेतले आणि चौथ्यांदा, चष्मा सापडत नसताना, स्वतःच वाचल्यासारखे केले. कपडे विकत घेणाऱ्या परदेशी कंपनीत तू पाणी-तपासनीस झालीस व पुढील महिन्यात माझ्याच जुन्या रंगकारखान्याचे सांडपाणी तपासण्यास येत आहेस, हे आता साऱ्या गल्लीस ठाऊक आहे. बापाने जन्मभर पाणी रंगवले, लेक ते धुवायला येते आहे, असे ती दारोदार सांगते. मी तिला दटावले. परंतु हसू मलाही आले.

तू लिहितेस की कंपनीच्या फाइलीत तुला माझे अक्षर भेटले. 'सांडपाणी स्वच्छ, रंगहीन, वासरहित', खाली तारीख व सही, अशी अकरा वर्षांची पाने. बाबांचे अक्षर आहे, म्हणजे काळजी नाही, असे तू आपल्या साहेबांना सांगितलेस. ते वाक्य मी किती वेळा वाचले हे सांगत नाही. मी चौथी इयत्ता शिकलेला मनुष्य. गुरुजींनी माझी पाटी वर्गभर फिरवली होती, त्याचा ताठा अद्याप उतरलेला नाही. याही पत्रात चूक आढळल्यास लाल शाईने खूण करावी.

तुला आपली परसातली विहीर आठवते का? दप्तर फेकून तू थेट तिकडे धावायचीस. पोहरा ओढताना तुझे पाय जमिनीवरून सुटत आणि मुंगी पोहऱ्याबरोबर आत जाईल म्हणून आई ओरडत असे. माझी नखे रंगाने निळी. माझ्या हातचा घास घेताना तू डोळे घट्ट मिटायचीस, परंतु घास घ्यायचीस. निवृत्तीस चार वर्षे झाली तरी ती निळाई पुरती गेलेली नाही.

मालकांविषयी तुझे मत कलुषित व्हावे, अशी माझी इच्छा नाही. पाणी शुद्ध करण्याचे यंत्र त्यांनी घेतलेले आहे. तपासणीच्या दिवशी ते घरघरते व पाहुण्यांची गाडी वळताच गप्प होते. वर्षभर चालवावे तर प्रत्येक जीन्समागे खर्च वाढतो. आणि तुझी कंपनी दरवर्षी मागील वर्षापेक्षा कमी भाव देते, न परवडल्यास दुसऱ्या देशात जाते. पाणी स्वच्छ हवे तिलाच, आणि त्याचे मोल द्यायचे नाही तेही तिलाच. नदीत मासे धरणाऱ्यांनी जाळी विकली. त्यांच्या मुली आता आमच्याच कारखान्यात नव्या जीन्स जुन्या दिसाव्यात म्हणून दिवसभर घासतात. एवढी हौस आहे तर आमच्या ह्यांच्या जुन्याच का नेत नाहीत, असे तुझी आई विचारते.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते लिहितो. तपासणीच्या बाटलीत सांडपाणी कधीच नव्हते. ते आपल्या विहिरीचे पाणी होते. मालकांनी सांगितले, मी भरले आणि माझ्या सुंदर अक्षरात खोटे लिहिले. निवृत्तीनंतरही त्या एका दिवसापुरते मला बोलावत. कारखान्यावर तीनशे घरांच्या चुली पेटतात, अशी मनाची समजूत घातली. गेल्या महिन्यापासून विहिरीचे पाणी निळसर येते. पोहऱ्याचा रंग सुटला असेल म्हणून आईने पोहरा बदलला. मी रंगारी आहे. मला ती छटा ओळखता आली. काल मालकांचा निरोप आला की यंदा दुकानातले बाटलीबंद पाणी भरा, सही तेवढी आपली असू द्या, कन्या घरचीच आहे. मी नकार कळवला आहे. तू बाटली कोणाच्याही हातून घेऊ नकोस, माझ्याही नाही. कुंपणामागे नदीत उतरणारा नळ आहे. तेथे मी तुला नेईन, तू स्वतः भर. मात्र अहवालात पाण्याशेजारी तुझ्या कंपनीने दिलेला भावही लिही. नाहीतर ते आमच्या चुली विझवून दुसऱ्या कोणाच्या नदीवर जातील. हे पत्र त्याच फाइलीत, त्या पानांच्या वर लाव. अक्षर एकच आहे, हे तू साहेबांना सांगशीलच. घरी आलीस की घास भरवीन. यावेळी डोळे उघडे ठेव.

तुझाच,
बाबा