डग्गा कुठे गेला

भिवंडी,
१० नोव्हेंबर १९९१

चि. कमळ हिस,

बाबांचा जयभीम आणि आशीर्वाद. आम्ही इकडे खुशाल आहोत. थंडी पडली की तुझ्या आईचा गुडघा कुरकुरतो, बाकी ठीक. कोन गावच्या घराचे पत्रे दौलतकाकाने बदलून घेतले. औरंगाबादला इकडच्यापेक्षा थंडी जास्त, तर गाण्याच्या शाळेत जाताना स्वेटर घालत जा.

मोठी बातमी म्हणजे घरात गाणी ऐकायचा सेट आला. एक तारखेला शुक्रवार, लूम बंद, म्हणून महमूदला घेऊन मुंबईला लॅमिंग्टन रोडला गेलो. महमूद आमच्या लूमच्या शेडचा मालक असला तरी गाण्याच्या बाबतीत माझा चेला. पहिल्या दुकानदाराने कमरेएवढे स्पीकरचे डबे लावले, पुढे लाल-हिरवे दिवे नाचतायत, आणि अशी काही धडधड सुरू केली की विचारू नकोस. मी म्हटलं, भाऊ, एवढा आवाज मी रोज आठ तास शेडमध्ये फुकट ऐकतो. तिथून निघालो. चौथ्या दुकानातल्या म्हाताऱ्याने मात्र आधी विचारलं, काय ऐकता? मी म्हटलं, बाईचा आवाज, मागे पेटी-तबला, बस. त्याने पुस्तकांच्या फळीवर मावतील असे दोन साधे लाकडी डबे काढले. बोटाच्या पेराने ठोकून बघितले, पोकळ लागले नाहीत. गाणं लावलं तर बाई समोर बसून गातेय असं वाटलं.

अॅम्प्लिफायरचं महमूदचं शास्त्र वेगळं. वर किती वॅट छापलेत ते वाचायचंच नाही, हातात उचलून बघायचा. आत ट्रान्सफॉर्मर खरा असेल तर हात खाली जातो. तीन उचलले, ते खेळण्यासारखे हलके. चौथ्याला हात खाली गेला. दिसायला काळा ठोकळा, पण आपल्या खिशाला झेपला. कॅसेट डेक महमूदने स्वतःचा जुना दिला. दुकानदार तारा कशा जोडायच्या ते सांगायला लागला. मी म्हटलं, राहू द्या, मी लूम दुरुस्त करणारा जॉबर आहे, पंचवीस वर्षं मोटारी जोडतोय. बाबासाहेबांच्या फोटोच्या दोन्ही बाजूंना एकेक डबा बसवला आहे. फळी शोभते.

तुझ्या आईला हौस होती म्हणून घेतला.

तुझी कॅसेट ऐकली. छान आहे.

तब्येतीला जप.

तुझा,
बाबा


भिवंडी,
१५ डिसेंबर १९९१

चि. कमळ हिस,

जयभीम. तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तर का दिलं नाही ते आता सांगतो. पत्र लांबेल, शाळेच्या गडबडीत वाचू नकोस.

तू लिहिलंस, 'बाबा, तुम्ही माझ्या गाण्याला जन्मात कधी छान म्हणाला नाहीत. दर वेळी काहीतरी चूक काढलीत. आता चूकसुद्धा काढावीशी वाटत नाही, म्हणजे तुम्ही मला सोडून दिलंत.' आणि पुढे, कॅसेट कंपनी दुसऱ्या कॅसेटसाठी विचारतेय, महिनाअखेर कळवायचंय, पण तू नाही म्हणून कळवणार आणि परत टायपिंगची नोकरी बघणार. मी ते आईला वाचून दाखवलं. टायपिंगशी आलो तेव्हा मला पुढे वाचवेना. गेल्या वर्षी तू ठाण्याची नोकरी सोडलीस तेव्हा गाण्याने पोट भरत नाही म्हणून मीच घर डोक्यावर घेतलं होतं. तुला वाटलं असेल, म्हाताऱ्याच्या मनासारखं झालं. नाही झालं.

खरं सांगायचं तर सेट तुझ्या आईसाठी घेतला नव्हता. तुझ्या आईला कसली हौस, तिला जुना टू-इन-वन पुरत होता. त्याचा स्पीकर फाटलेला, त्यात तुझी कॅसेट घालायला माझा हात धजेना. पाकिटावर छापलेलं होतं, कमळ यादव साळवे. माझं नाव मध्ये. माफी मागायची मला सवय नाही, तुला माहीतच आहे. म्हणून सेट आणला.

आता ऐक. दुकानात कान तृप्त झाले, आणि घरी तुझी कॅसेट लावली तर काहीच हाताला लागेना. पेटी एका कडेला वाजत होती, तेवढी ठीक. पण तुझा आवाज खोलीभर पसरलेला, कुठून येतो कळेना, मध्ये काही नाहीच, विहिरीच्या तळातून कोणी बोलावं तसा पोकळ. तबल्याची टिकटिक येत होती, डग्गा गायब. मी आवाज वाढवला, खुर्ची पुढे नेली, मागे नेली. काही फरक नाही. तुझी आई समोर बसून मान डोलवत होती. मी मनात म्हटलं, हिला येतंय, मला येत नाही. म्हणजे कान गेले.

तुझ्या आजोबांचं तुला आठवतं ना? पन्नाशीला कोंडूबाबांचे कान गेले, लूमनेच खाल्ले. मग ते सगळ्यांना हो हो म्हणत हसायचे. कोणी म्हटलं म्हैस मेली, तरी हो हो. पोरं मुद्दाम काहीबाही विचारून दात काढायची, त्यात मीही होतो. मला आता अठ्ठेचाळीस चालू आहे. जॉबरचे हात नंतर, कान आधी. लूम कुठे अडतोय, कुठला बोल्ट सैल आहे ते मी लांबून ऐकून सांगतो, त्यावर तर पगार. आणि कान गेले तर तुझं गाणं कोणाला ऐकवणार होतीस?

दुकानात मग चांगलं कसं वाटलं, हा प्रश्न मला पडला होता. स्वतःलाच समजूत घातली की त्या दिवशी सुट्टी होती, कान मोकळे होते. म्हणून पुढच्या शुक्रवारी दिवसभर कानात कापूस घालून बसलो आणि संध्याकाळी तो काढून ऐकलं. तसंच. म्हटलं, आठवड्यात अजून गेले. त्याच काळात तुला ते पत्र टाकलं. ऐकलंच नाही तर चूक काय काढणार? छान आहे लिहिलं आणि पेटीत टाकून आलो. महमूद रोज म्हणायचा, घरी येतो, सेट ऐकव. त्याला महिनाभर टोलवला. तो वाहवा करणार आणि मला मान डोलवावी लागणार.

तुझं पत्र आल्यावर मात्र राहवेना. गुरुवारी आईला म्हटलं, काल्हेरला गोदामातून सामान आणायचंय, आणि ठाण्याला कानाच्या डॉक्टरकडे गेलो. बाई होती, तुझ्याच वयाची. एका बंद खोक्यात बसवलं, कानावर हेडफोन. आवाज आला की बोट वर करायचं. बाहेर आल्यावर तिने कागद दाखवला. रेघ सरळ चाललेली आणि शेवटी जराशी खाली उतरलेली. म्हणाली, काका, लूमवाल्यांचे बारीक आवाज आधी जातात, तुमचे थोडे गेलेत, कापूस घालत जा. जाड आवाज अगदी शाबूत आहेत, माझ्यापेक्षा बरे. आमच्याकडे एवढी वर्षं काम करून असे कान कमी येतात.

मी तिचे आभारही मानले नाहीत बघ. जिना उतरताना डोक्यात एकच. जाड आवाज शाबूत, तर मग डग्गा कुठे गेला? डग्ग्याइतकं जाड काय असतं?

घरी आलो, चहासुद्धा घेतला नाही. आईला म्हटलं, बकुळा, खरं सांग, कॅसेटमध्ये तुला डग्गा ऐकू येतो?

ती म्हणाली, "कुठला डग्गा? मला तं पहिल्या दिसापासून न्हाय आला. पोरीचा आवाजबी पानी मिसळल्यावानी लागतो."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही एवढ्या हौसेनं आणलात. मला वाटलं, म्हागाचा सेट असाच वाजत असेल."

महिनाभर, कमळ. महिनाभर आम्ही दोघं समोरासमोर बसून एकमेकांसाठी मान डोलवत होतो. मला आधी राग आला, मग हसू आलं. वर तिने ऐकवलं, काल्हेरचं सामान कुठाय? तिला सगळं ठाऊक होतं. मी मध्येच हो हो म्हणायला लागलो होतो, आजोबांसारखं, त्यावरून तिने ओळखलं होतं.

दोष माझ्यात नाही म्हटल्यावर मी जॉबर झालो. एका डब्याची तार काढली. एकच डबा वाजू लागला आणि डग्गा आला, घुमला. दुसरा जोडला की गेला. दोन असताना नाही आणि एक असताना आहे, असा दोष मी कुठल्या मशीनमध्ये बघितला नव्हता. डबे उलटे फिरवून मागे बघितलं आणि कपाळावर हात मारला.

तुला शेडमध्ये लहानपणी नेलेलं आठवत असेल. लूम जोडीने बसवतात, एक डाव्या हाताचा, एक उजव्या हाताचा. एकाचं जे डावीकडे ते दुसऱ्याचं उजवीकडे, म्हणजे कामगार मध्ये उभा राहून दोन्ही सांभाळतो. मी तसेच डबे बसवले. फोटोच्या दोन्ही बाजूंना जोडी, तर तारही जोडीने, दोन्हीकडे बाहेरची तार बाहेर, आतली आत. पण डबे जोडीचे नसतात, दोन्ही एकसारखे असतात. एकाची बाहेरची क्लिप लाल, दुसऱ्याची काळी. ते रंग मला शोभेचे वाटले होते, आणि तार मी वापरली टेबलफॅनची पांढरी. एका डब्याचा पडदा पुढे ढकलतोय तेव्हा दुसऱ्याचा मागे ओढतोय, एकाने द्यायचं ते दुसऱ्याने खायचं. मोटारीच्या तारा उलट्या लागल्या तर मोटार उलटी फिरते, लगेच दिसतं. हे मुकाट चुकत राहतं. महमूदला सांगितलं तर तो पोट धरून हसला आणि सगळ्या शेडला सांगत सुटला. सांगू दे.

दोन तारांची अदलाबदल केली आणि कॅसेट लावली. तुझा आवाज मधोमध आला. फळीवर, जिथे फोटो आहे तिथून, तू उभी असावीस तेवढ्या उंचीवर. आई उठून तिथे हात लावून आली, तिसरा डबा ठेवलाय का म्हणून. डग्गा खाली, पेटी उजवीकडे, आणि तू. मी चारही गाणी तीन वेळा ऐकली. रडलो हे आई तुला सांगेलच, तर मीच सांगतो. बरं वाटलं, कमळ. छातीवरून पाट्याचा दगड उतरला.

आता कामाचं. लिहून घे.

पहिलं गाणं चढवून सुरू केलंस, तिसऱ्या ओळीला गळा ताणतो. अर्धी पट्टी खाली घे. दुसऱ्यात तबलजी पळतो आणि तू त्याच्या मागे धावतेस. गाणारी तू आहेस, त्याला थांबव. चौथं, आईवरचं, त्यात 'आई' म्हणताना सूर किंचित उतरतो. तुझ्या आईला तेच आवडलं, पण तिचं ऐकू नकोस. तिसरं गाणं सगळ्यात बरं, पण शेवटच्या शब्दाच्या आधी श्वास घेतेस. तो एक ओळ आधी घे. दुसऱ्या कॅसेटमध्ये मला हे दिसता कामा नये.

म्हणजे कंपनीला हो कळव. आजच. गेल्या वर्षी मी जे बोललो ते चुकीचं बोललो. गाण्याने पोट भरतं की नाही ते मला अजून माहीत नाही, पण टायपिंग करताना तू मेली असतीस आणि तेही मी छान आहे म्हणून चालवून घेतलं असतं.

इतक्या गोष्टी लिहिल्या, पण माझ्या मनात राहिलाय तो तिसऱ्या गाण्यातला श्वास. बारीकच आहे, पाव क्षणाचा. डॉक्टरीणबाई म्हणाली बारीक आवाज गेले. तो मला ऐकू आला.

चुका काढायला परत आलेला,
तुझा बाबा