पेन्सिलीची फुली

मी, शेवटच्या पानावर सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, अविवाहित, तंत्रशिक्षण शाळेची निवृत्त कार्यालय अधीक्षक, राहणार त्याच शाळेच्या यंत्रशाळेवरच्या दोन खोल्यांत, हे मृत्युपत्र लिहून ठेवते. माझे डोके ठिकाणावर आहे. पोट ठिकाणावर नाही, पण डॉक्टर म्हणाले की मृत्युपत्राला डोके पुरते. माझ्यावर कोणाचाही दबाव नाही असे येथे लिहायची रीत आहे. दबाव आहे. माझा धाकटा भाऊ, म्हणजे या शाळेचा प्राचार्य, दोन आठवडे रोज सकाळी वर येतो, उशाशी बसतो आणि म्हणतो, "ताई, तेवढं मृत्युपत्राचं उरकून टाक. अर्जाला जोडायचंय."

अर्ज सरकारी अनुदानाचा आहे. नवी इमारत, नवी यंत्रे आणि दारावर भावाच्या नावाची पाटी, असा एकूण बेत. त्यात परिशिष्ट अकरा म्हणजे जागेच्या मालकीचा पुरावा. शाळेखालची जमीन वडिलांनी माझ्या नावावर केली, कारण मुलगा त्यांनी पुरता ओळखला होता. मी आता फार दिवसांची सोबती नाही. तेव्हा जमीन माझ्यामागे भावाला मिळणार असे दाखवले तर अर्ज उभा राहतो, नाहीतर आडवा होतो. अठ्ठावीस वर्षे या शाळेचा प्रत्येक अर्ज मी लिहिला. हे परिशिष्टही मीच लिहावे, हे ओघानेच आले.

यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. कोणी दाखवलेच, तर ते माझे समजू नये. माझ्या कामाची अंमलबजावणी वकीलसाहेबांनी करावी. ते सावकाश करतात, पण करतात.

कलम १. सोनेरी काठाचे कप व बशा माझ्या भावजयीस द्याव्यात. हे कप तपासणीला येणाऱ्या साहेबांसाठी कुलपात असत. मला त्यातून चहा कधी मिळाला नाही; माझा स्टीलचा पेला वेगळा. एका बक्षीस समारंभात साहेबांनी तिला विचारले, "तुमचे अर्ज कोण लिहितं? फार नेमके असतात." ती म्हणाली, "सगळं हेच लिहितात. वन्सं टायपिंगला मदत करतात थोडी." कप सहा होते, आता पाच आहेत. सहावा त्याच संध्याकाळी धुताना फुटला. 'धुताना' हा शब्द वकीलसाहेबांच्या आग्रहाखातर घातला आहे.

कलम २. टाइपरायटर भंगारात द्यावा. भावाने तो काचेच्या पेटीत ठेवून खाली माझ्याबद्दल चार गोड ओळी लिहू नयेत.

कलम ३. बँकेतली माझी सगळी शिल्लक आणि टेबलाच्या खालच्या खणातल्या दोन चिठ्ठ्या शाळेच्या जुन्या भांडारपालास द्याव्यात. तो आता एका गोदामाच्या फाटकावर बसतो. शिल्लक कशासाठी, हे चिठ्ठ्या वाचून त्याला कळेल. इतरांना कळावे म्हणून येथे लिहिते.

अनुदान मिळवणे ही कला आहे आणि ती मला येत होती. 'गरज' या रकान्यात रडायचे नसते. तिथे आकडे द्यायचे आणि रडण्याचे काम फोटोवर सोपवायचे. तपासणीच्या आधी बाकीच्या शाळा रंगरंगोटी करत. आमच्याकडे उलटा कारभार. चांगले लेथ ताडपत्रीखाली जात, मोडके पुढे येत, पंखे उतरत, आणि यंत्रांच्या संरक्षक जाळ्या काढून भांडारात कुलपात ठेवल्या जात. साहेबाला गरज दिसली पाहिजे. ही युक्ती माझी. भावाने फक्त तिची वाहवा घेतली.

प्राचार्यांच्या सहीच्या चिठ्ठीशिवाय भांडारातून खिळाही हलवायचा नाही, हा नियमही माझाच. आणि प्राचार्य तर कागद वाचत नाहीत. अठ्ठावीस वर्षांत माझ्या हातचा एकही कागद त्याने वाचलेला नाही. सही जिथे हवी तिथे मी पेन्सिलीने बारीक फुली करते. तो फुली हुडकतो, तिच्या डोक्यावर 'वाचले. योग्य आहे.' असे लिहितो आणि खाली सही ठोकतो. फुली नसलेला कागद तो कागदच मानत नाही.

एकोणीस वर्षांपूर्वी अशीच तपासणी ठरली. जाळ्या काढण्याची चिठ्ठी मी लिहिली, फुली केली, त्याने सही केली, भांडारपालाने जाळ्या उतरवल्या आणि चिठ्ठी माझ्याकडे जमा केली. दुसऱ्या दिवशी पत्र आले की तपासणी आठ दिवस पुढे गेली. म्हणजे वर्ग पुन्हा सुरू होणार, म्हणजे जाळ्या परत बसवायला हव्यात. मी दुसरी चिठ्ठी लिहिली. पण त्याच सकाळी सगळ्या शिक्षकांसमोर भाऊ हसत म्हणाला होता, "ताईचं काय, तिला नुसतं टाइप करायचं असतं. डोकं आपल्याला चालवावं लागतं."

मी चिठ्ठीवर फुली केली नाही. म्हटले, एकदा तरी वाच बाबा. चिठ्ठी त्याच्या टेबलावर सगळ्यांत वर ठेवली, त्यावर पेपरवेट ठेवले आणि माझ्या खुर्चीत येऊन बसले. पहिल्या दिवशी त्याने तिच्यावर चष्मा ठेवला. दुसऱ्या दिवशी चहाचा कप ठेवला. मला सगळे दिसत होते. वीस पायऱ्या उतरून भांडारपालाच्या कानावर घातले असते तरी भागले असते. माझ्या शब्दावर त्याने नियम मोडला असता. मी उतरले नाही. माझी अढी माझ्या पायांपेक्षा जड होती.

तिसऱ्या दिवशी सकाळच्या वर्गात, पत्रा दाबण्याच्या प्रेसखाली, आमच्या सगळ्यांत हुशार विद्यार्थिनीची उजव्या हाताची तीन बोटे गेली. सतरा वर्षांची पोर. माप बघून सांगायची आणि ते चुकायचे नाही, म्हणून सगळे तिला मिस्त्रीण म्हणत.

चौकशी झाली. भांडारपाल म्हणाला, "सर, काढायची चिठ्ठी आली होती. बसवायची आलीच नाही."

"कुठाय चिठ्ठी? दाखव," भाऊ म्हणाला.

"ऑफिसात जमा केली की." मग तो माझ्याकडे वळला. "ताई, तुम्ही तरी सांगा."

मी म्हटले, "मला आठवत नाही."

दोन्ही चिठ्ठ्या त्या वेळी माझ्या खणात होत्या. दुसरी मी भावाच्या टेबलावरून अपघातानंतर पाच मिनिटांत उचलली होती. तिच्यावर कपाचा गोल डाग आहे, अजून दिसतो. भांडारपालाची नोकरी गेली, भावाची राहिली आणि माझीही राहिली. भांडारपालाला चिठ्ठ्यांची नक्कल देऊ नये. मूळ प्रतीच द्याव्यात.

कलम ४. हे कलम देण्याघेण्याचे नाही, पण ते लिहिल्याशिवाय पुढचे समजणार नाही. अपघातानंतर चार दिवसांनी मी फोटोग्राफरला घेऊन रुग्णालयात गेले. मिस्त्रीण उशीला टेकून बसली होती. तिने विचारले, "बाई, जाळी कुठे होती?"

मी म्हटले, "हात जरा वर धर. उजेडात येऊ दे."

तो फोटो परिशिष्ट सात झाला. 'सुरक्षित यंत्रांअभावी एका होतकरू विद्यार्थिनीस आलेले कायमचे अपंगत्व' हा परिच्छेद मी तासाभरात लिहिला. माझ्या उभ्या आयुष्यात मी यापेक्षा चांगले काही लिहिलेले नाही. त्या वर्षी मागितले तेवढे सगळे मिळाले. नवी यंत्रे आली, जाळ्यांसकट. मिस्त्रिणीला आम्ही एक प्रशस्तिपत्र दिले, तेही डाव्या हातात.

आज तिचा स्वतःचा छोटा कारखाना आहे, शाळेपासून दोन गल्ल्या पलीकडे. जाळी बसवल्याशिवाय यंत्र सुरूच होणार नाही अशी तिने जोडणी केली आहे. गेल्या महिन्यात मी तिला निरोप धाडला. ती आली, पण उंबरठ्याच्या आत आली नाही. मी सगळे सांगितले. फुलीचेही सांगितले.

ती म्हणाली, "म्हणजे तुम्ही बघत होतात."

"हो."

"तीन दिवस."

"हो."

"मला तुमचं काही नको," ती म्हणाली आणि खाली गेली. जिन्याच्या मध्यावर तिची पावले थांबली. खाली वर्ग चालू होता. तिने तिथूनच विचारले, "मुली किती आहेत आता?" मी म्हटले, "बावीस." मग पावले खाली गेली.

कलम ५. जमीन, तिच्यावरची शाळा, यंत्रशाळा आणि या दोन खोल्या मी माझ्या धाकट्या भावास देते.

हे मनापासून लिहिले आहे. पण वकीलसाहेबांना विचारून मी एक अट घालते, ती अशी: या मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करील, त्याला या मृत्युपत्राखाली काहीही मिळणार नाही. त्याच्या नावाचे देणे रद्द होईल. या मृत्युपत्रावर दुसरा साक्षीदार म्हणून मी भावालाच बोलावले आहे. त्याने साक्षीदाराची सही केली, तर जमीन व तिच्यावरचे सर्व काही मिस्त्रिणीस जाईल. तिला नको असले तरी तिच्याच नावावर होईल. शाळा चालवायची की कुलूप लावायचे, ते तिने ठरवावे. कोणाला विचारण्याची गरज नाही. मृत्युपत्राची प्रत परिशिष्ट अकरा म्हणून सरकारकडे जाईल. अनुदान विभागात एक बाई अधिकारी आहेत, त्या परिशिष्टेसुद्धा वाचतात. एकदा आमचे एक पान उलटे लागले होते, तर त्यांचे पत्र आले होते. कलम तीन आणि चार त्यांच्या नजरेतून सुटणार नाहीत.

वकीलसाहेब म्हणाले, "बाई, हे मृत्युपत्र नाही, सापळा आहे." मी म्हटले, सापळा लपवून लावतात. इथे तर सगळे स्वच्छ अक्षरात लिहिले आहे.

तेव्हा भावा, हे तुला लिहिते आहे. इथपर्यंत वाचले असशील तर सही करू नकोस. कागद माझ्या हातात परत दे आणि एवढेच म्हण, "ताई, दुसरा साक्षीदार बघ." जमीन तुझी. कलम तीन आणि चार तू फाडून टाकलेस तरी मी शब्द काढणार नाही. तू वाचावेस अशी मला आशा आहे का? आहे. खोटे कशाला लिहू. तुला मुळाक्षरे मीच शिकवली, मांडीवर बसवून, आणि तेव्हा तू प्रत्येक अक्षरावर बोट ठेवून वाचायचास. पण मागच्या वेळी तुझी परीक्षा मी दुसऱ्याच्या हातावर घेतली. या वेळी प्रेसखाली फक्त तुझा हात आहे. फुली केली आहे, नेहमीपेक्षा ठळक.

कलम ६. माझ्या पश्चात शाळेत शोकसभा घेऊ नये. घेतलीच, तर भावाच्या हातात लिहिलेले भाषण देऊ नये.

वरील सर्व मजकूर मी स्वतः लिहिला, स्वतः वाचला आणि दोन्ही साक्षीदारांच्या देखत त्याखाली सही केली.

ठिकाण: यंत्रशाळेवरची खोली. खाली पहिला तास सुरू आहे.
दिनांक: अर्जाची मुदत संपायला अकरा दिवस बाकी असताना, गुरुवार, सकाळी साडेदहा.

लिहून ठेवणारी: (सही)

साक्षीदार पहिला: शाळेसमोरचा झेरॉक्सवाला.
सगळी पाने वाचली. दोनदा वाचली.
(सही)

साक्षीदार दुसरा: लिहून ठेवणारीचा धाकटा भाऊ, प्राचार्य.
वाचले. योग्य आहे.
(सही)

[शिक्का] परिशिष्ट ११. मूळ प्रतीबरहुकूम खरी नक्कल. अर्जासोबत जोडली.
प्राचार्य
(सही)