आण्णांच्या बेस गिटारवरचा डाग

मंगळवार, १८ नोव्हेंबर. जामखेड.

आज पुण्याहून जुनी वाद्यं घेणारे ते गृहस्थ आण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची, बेस गिटार बघायला आले होते. विकायची नव्हतीच. लोक जुन्या बेसच्या एवढे मागे का लागतात, ते कळावं म्हणून मी तिचा फोटो पाठवला होता, आण्णा हयात असताना काढलेला.

त्यांनी पेटी उघडली, मोबाईलवरचा तो फोटो शेजारी धरला. मग विचारलं, "रंग कुणी दिला?"

"मीच. खंडेनवमीला पूजेत ठेवायची होती."

टेम्पो रंगवणारा माणूस मी. आण्णा गेल्यावरची पहिली खंडेनवमी, त्यांचं वाद्य कळकट कसं मांडायचं? पॉलिश पेपरनं घासून लाल स्प्रे मारला. ऑर्केस्ट्रात तीस वर्षं वाजवताना आण्णांचा हात टेकून जिथला रंग उडाला होता, तो डागही घासला. तोच आधी घासला.

गृहस्थ बिचारे समजुतीनं बोलले. जुन्या लाकडात आवाज मुरतो, तसं लाकूड आता मिळत नाही. पण लोक जीव टाकतात ते मूळ रंगावर, आणि असल्या डागावर. तो कुणाला नव्यानं पाडता येत नाही.

एवढं कळायला मला परका माणूस लागावा?

ते गेल्यावर आईला सांगितलं. ती भाकरी थापत होती, थांबली नाही.

"म्हाईत हाय मला," म्हणाली. "रोज पुसताना त्या डागावर हात ठेवायची मी. तू लई हौसेनं रंगवलीस, म्हणून बोलली न्हाई."