तुटक रेषेची नदी

हिंगणी, जून १९८६

प्रिय हरिदास,

परवा मोतीलाल येऊन गेला, तुझ्यासोबत मोजणीपार्टीत साखळ्या-झेंड्या वाहणारा खलाशी होता तोच. आता टक्कल पडलंय त्याला, पण बोलायला बसला की चहाची आठवण राहत नाही, ते तसंच आहे. बस्तरच्या जंगलातल्या तुमच्या त्या नदीचा नवा छापील नकाशा त्यानं आणला. मी तो खाटेवर पसरून कितीतरी वेळ पाहत बसली.

आधीचाही त्यानंच दाखवला होता. त्यात नदीचा पलीकडचा काठ तुटक रेषेचा होता. जिथं मोजणीवाले पोचले नाहीत, तिथं रेषा तुटक ठेवतात म्हणे. त्या तुटक जागेवरच मी इतकी वर्षं जगली रे. तिथं एखादी वस्ती असेल, कोणी तुला खाऊपिऊ घालत असेल, अन् तूच मेला आळशी, निघायचं नाव घेत नसशील, असं मनाला सांगत राहिली. तू झेंडी धरायला पलीकडे गेलास, वरच्या डोंगरातलं पाणी आलं अन् साहेबाला दुर्बिणीतून झेंडी दिसेनाशी झाली, एवढंच आम्हाला माहीत. पोहणं तर तू बोर नदीत म्हशीच्या पाठीवरून शिकलेला. तेव्हा काठावरून रागवायची मीच, आईमागं तुला वाढवायला या मोठ्या बहिणीशिवाय दुसरं होतंच कोण.

नव्या नकाशात ती रेषा सलग आहे. मोतीलालची पार्टी तो सगळा काठ पायी फिरून आली. घळी, टेकड्या, झरे, सगळं त्यात आहे. वस्ती एकही नाही. तुझी काहीच खूण सापडली नाही, हे सांगताना तो माझ्याकडे पाहत नव्हता. आता तू कुठं आहेस असं मनाला सांगू, तेच मला कळत नाही.

तुझी भागीरथा सगळं ऐकून रडली नाही. म्हणाली, बाई, बारा वर्सं झाली, मी थकली आता वाट पाहून, करून टाका काय करायचं ते. मी आधी तिच्यावर ओरडली, मग तिच्याच गळ्यात पडून रडली.

म्हणून लिहिते. उद्या सकाळी नदीवर दर्भाचा अन् पळसाच्या पानांचा पुतळा करतील, त्याला तुझं नाव देतील अन् अग्नी देतील. मग बाया भागीरथेचं कुंकू पुसतील. यायचं असेल तर त्याच्या आत येजो. त्यानंतर जिवंत असलास तरी येऊ नको, हरिदास. तिच्यानं ते आता सोसवणार नाही.

तुझीच,
अन्नपूर्णाबाई