उणेबाई

पूज्य दादा,

माझं शिलाईचं दुकान बुडालं, तेव्हा तू मला एक वजाबाकी शिकवलीस. महिनाअखेरीला जे आपलं आहे ते वर लिहायचं, जे देणं आहे ते खाली. उरेल ती आपली खरी ऐपत. माझं पहिलं उत्तर बघून तू वहिनीला हाक मारलीस, "अगं, ही बघ आपली उणेबाई!" वहिनी हसली, मीही हसले. नाव चिकटलं ते चिकटलंच.

तू देऊ केलेले पैसे मी घेतले नाहीत, ते तुला लागलं. पण त्यांनी देणं फिटलं असतं, नाव गेलं नसतं.

तेव्हापासून मी दुसऱ्याच्या दुकानात काजं-बटणं करते. भाडं, किराणा, बसचा पास, सगळं टिपून ठेवते. मध्ये एक दाढ दुखली आणि जमलेली शिल्लक घेऊन गेली. तरी वजाबाकी चुकवली नाही.

आज पगार झाला. शिलाई मशीन, बँकेतली शिल्लक आणि पाकिटातली नाणी वर लिहिली, उरलेलं कर्ज खाली. दोन्ही आकडे सारखे! मी खुर्चीवरून उठून टाळी वाजवली. शेजारीण डोकावली.

"लॉटरी लागली की काय?"

"पूज्य आलं."

"म्हणजे काहीच नाही ना?"

"काहीच नाही!" मी म्हटलं आणि तिला चहा पाजला. चहा आधीच खर्चात धरलेला होता.

हे पत्र मात्र टाकत नाही. तिकीट लावलं की मी पुन्हा उणे.

तुझी धाकटी बहीण,
आजपासून तुझ्याइतकीच पूज्य